रिकाम्या घरातली चार युनिटं

सोमवार, २३ नोव्हेंबर १९८७

आज विजेचं बिल आलं. मी शाळेतून परतले तेव्हा ते खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं होतं आणि हे त्याच्याकडे पाठ करून चहा पीत होते. दोन महिन्यांचं बिल, नेहमीच्या तिप्पट. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून आलं. पण नाव आमचंच, मीटरचा नंबरही आमचाच.

ह्या घरात माणसं तीन. मी साडेअकरा ते पाच शाळेत, हे दहा ते सहा वकिलांच्या ऑफिसात, आणि सासरे तात्या दिवसभर खाटेवर. थंडीचे दिवस, पंख्याला कुणी हातही लावत नाही. मग एवढी वीज खाल्ली कुणी? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "दर वाढले असतील." दर वाढलेले नाहीत. मी मागचं बिल काढून समोर ठेवलं. ते न बघता म्हणाले, "असतील नाहीतर नसतील." अशा उत्तराची मला शिसारी येते. चौथीतलं पोरसुद्धा असं उत्तर देत नाही.

बुधवार, २५ नोव्हेंबर

चाळीस पोरांना शिस्त लावते, तीन माणसांना लावता येऊ नये? एका फुलस्केप कागदावर नियम लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले. साठचे दिवे काढले, पंचवीसचे लावले. मोरीतला दिवा काढूनच टाकला, दार उघडं ठेवलं की उजेड येतो. इस्त्री बंद, कपडे घडी करून गादीखाली. टीव्ही फक्त रविवारी सकाळी. आणि आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड कायमचा बंद. सगळ्यात मोठा चोर तोच. मीच तो वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळीची गाठ मारली आणि माळ्यावर टाकला. गॅस नंबर लावून दीड महिन्यानं मिळतो, त्यावर आंघोळीचं पाणी परवडत नाही.

मी अंगणात पत्र्यावर हंडा ठेवते, अकरापर्यंत उन्हानं कोमट होतो. तात्यांना म्हटलं, तुम्हीही तेव्हाच करा. ते म्हणाले, "देवाआधी आंघोळ. पासष्ट वर्षं झाली. आता उन्हाची वाट कशी बघू? गार चालेल." म्हटलं, मग गार.

ह्यांनी सगळं मान्य केलं. एवढंच नाही, सकाळी दाढीलाही गार पाणी घेतलं. मी भांडणाची तयारी करून बसले होते. भांडण मिळालं नाही याचाच राग आला.

रविवार, २९ नोव्हेंबर

तात्यांनी खाट हलवून घेतली. इतकी वर्षं खिडकीपाशी होती. आता मागच्या भिंतीला, अंधारात. ह्यांनीच उचलून ठेवली, मी बाजारात गेले असताना. खाटेच्या उशाला भिंतीला टेकवून जुनी पत्र्याची ट्रंकही उभी केली आहे. का म्हणून विचारलं, तर तात्या म्हणाले खिडकीतून वारा लागतो. झाडताना मला आता खाटेखाली रांगावं लागणार, त्याचं कुणाला काही नाही.

भिंतीपलीकडे आमची मागची खोली. ती ह्यांनी दसऱ्याला शेलार गावच्या चांगदेवला सुताच्या पेट्या ठेवायला दिली. मला न विचारता. मी तेव्हाच सांगितलं होतं की व्यवहारातलं तुम्हाला काही कळत नाही, हाही माणूस तुम्हाला गंडवणार. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. खोलीचं दार मागच्या गल्लीत उघडतं, त्यामुळे निदान त्या चांगदेवचं पान खाल्लेलं तोंड रोज बघावं लागत नाही.

गुरुवार, ३ डिसेंबर

आठ दिवस अंधारात बसून, चुरगळलेली साडी नेसून शाळेत जाऊन फरक किती पडला ते बघावं म्हणून सोमवारपासून मीटर वाचते आहे. ओटीवर खुर्ची ठेवून चढावं लागतं. चकतीवरची लाल खूण फिरताना दिसते. निघताना आकडा लिहायचा, आल्यावर लिहायचा.

संध्याकाळी साडेपाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत, म्हणजे आम्ही सगळे घरात असतो तेव्हा, जेमतेम पाऊण युनिट. आणि मी शाळेत असते तेव्हा, घरात फक्त तात्या असतात तेव्हा, चार युनिटं. सोमवारी चार, मंगळवारी चार, काल साडेचार.

तात्यांना विचारलं. म्हणाले, "मला हल्ली ऐकू कमी येतं. काय चालू, काय बंद, मला काय कळणार?" कल्हईवाल्याची हाक मात्र त्यांना दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येते.

माझ्या मनात पाप आलं. माळ्यावर चढले. रॉड कागदात तसाच, सुतळीची गाठ माझीच. म्हाताऱ्या माणसावर संशय घेतला याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तात्याही नाहीत, मग कोण, एवढंच डोक्यात होतं.

रविवार, ६ डिसेंबर

सापडलं.

मागच्या गल्लीत, आमच्या भिंतीपासून चार हातांवर मंदाचं घर आहे. ती एका खाजगी इस्पितळात आया आहे, कायम रात्रपाळी. म्हणजे दिवसभर घरी. तिच्या पत्र्यावरून तारांचा गुंता गेलेला आहे, त्यातली कुठली कुणाची ते देवालाच ठाऊक. काल संध्याकाळपासून ती आणि तिची सगळी माणसं पांढरे कपडे घालून दादरला गेली आहेत, सहा डिसेंबर म्हणून. आणि आज अकरा ते साडेपाच मीटर किती फिरला? पाव युनिट. तेही टीव्हीमुळे.

परवा शुक्रवारीही असाच गप्प होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम, सगळे यंत्रमाग बंद, गाव मुकं होतं, तसा आमचा मीटरही मुका. मंदाची सुट्टी शुक्रवारची असणार आणि ती कुठंतरी जात असणार. हिशेब बरोबर जुळतो.

सहा वर्षांचा शेजार. संक्रांतीचं वाण मी हिला नेमानं देते. तात्यांना इंजेक्शन द्यायला आली होती तेव्हा चहाही दिला होता, आमच्याच कपातून. तो कप नंतर मी वेगळा ठेवला, पण तिच्यासमोर नाही. आणि ही माझ्या तारेवर शेगडी लावून बसली आहे. किळस आली. हात दोनदा धुतले.

गुरुवार, १० डिसेंबर

आज जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. पहिला प्रश्न काय, तर "कुणाला बोललीस का?" म्हटलं, अजून नाही. म्हणाले, "बोलू नकोस. हातावर पोट आहे तिचं. जाऊ दे." ह्या माणसाला आजवर कुणाच्या पोटाची काळजी करताना मी पाहिलेलं नाही. भित्रेपणाला दयेचं नाव देतात झालं. मागच्या गल्लीतली माणसं उद्या दारात येतील, याचीच भीती.

मी म्हटलं, मग बोर्डात तक्रार करते, लाइनमन येऊन तार शोधेल. त्यावर हे चटकन म्हणाले, "तू नको, मी जातो. ऑफिसातून जवळ पडतं."

तात्या आतून खोकले. दोन दिवस खोकतायत.

सोमवार, १४ डिसेंबर

हे दोनदा बोर्डात जाऊन आले. शुक्रवारी साहेब रजेवर. आज साहेब साइटवर. माझी खात्री आहे, बाहेरच्या बाकावर बसून परत आले असतील. नवऱ्याला पाठवण्यापेक्षा चौथीतल्या मॉनिटरला पाठवलं असतं तर तक्रारीची पावती आली असती.

काल रविवारी मीटर पुन्हा गप्प. काल मंदा घरीच होती. मी घरी आहे हे बघून तार काढून ठेवली असणार. किती पाताळयंत्री बाई.

बुधवार, १६ डिसेंबर

बोलून टाकलं.

आमच्या घरातल्या नळाला जोर नाही, म्हणून प्यायचं पाणी गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळावर भरावं लागतं. साडेआठला येतं. मंदा तेव्हाच ड्युटीवरून सुटून कळशी घेऊन तिथं येते. दहा-बारा बाया होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंदा, माझ्या मीटरवर तुझी शेगडी अजून किती दिवस चालायची?"

तिनं कळशी खाली ठेवली. म्हणाली, "बाई, माझ्याकडं शेगडी न्हाय. एक दिवा न् एक पंखा हाय. माझ्या नावाचा मीटर हाय. या, बघून घ्या."

मी म्हटलं, मी कुणाच्या घरात शिरून बघत नाही.

"मग माझ्या घरात नका बघू. तुमच्या भिंतीला कान लावा दुपारचं. रातभर ड्युटी करून आम्ही झोपाय बघतो न् तुमच्याकडून घरघर घरघर."

"भिवंडीत घरघर कुठं नाही?" मी म्हटलं. बाया हसल्या. मंदानं कळशी अर्धीच भरली आणि गेली. जानकीबाई, कोपऱ्यावरच्या, मला म्हणाल्या की कुणीतरी एकदा बोलायलाच हवं होतं, ह्या लोकांना आता फार पंख फुटलेत. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, दिवसभर बरं वाटत होतं. शाळेत एकाही पोराला ओरडले नाही.

चार युनिटं आजही.

शनिवार, १९ डिसेंबर

तात्यांचा खोकला छातीत उतरला आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, छाती शेका म्हणाले. मी म्हटलं, निदान आठ दिवस आंघोळीला गॅसवर पाणी तापवून देते. तात्या म्हणाले, "नको. नियम सगळ्यांना सारखे." म्हटलं, बरं.

हे लिहायला नको, पण लिहिते. ते नको म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सिलिंडर संपत आला आहे आणि नंबर अजून वीस दिवसांनी लागणार. मी आग्रह एकदाच केला. दुसऱ्यांदा केला असता तर कदाचित ते हो म्हणाले असते.

मोरीतून सकाळी त्यांचा आवाज येतो. पहिला तांब्या अंगावर घेतला की ते देवाचं नाव घेतात आणि ते मध्येच तुटतं. हे तेव्हा पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात. मी कणीक मळत असते.

बुधवार, २३ डिसेंबर

कालचं आज लिहिते.

दुपारी अडीचला शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, बाई, घरचं माणूस इस्पितळात नेलंय. मी खडू हातात तसाच घेऊन निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

तात्या मोरीत पडले होते. अंगात ताप होता, उठून गेले आणि तिथंच कोसळले. किती वेळ हाका मारत होते कुणास ठाऊक. दुपारी लाइट गेली तेव्हा मागच्या बाजूला कुणालातरी हाक ऐकू आली. दोन बाया वळसा घालून पुढच्या दारानं आत शिरल्या आणि त्यांनी मंदाला झोपेतून उठवलं. मंदानं तात्यांना कोरडं केलं, माझी शाल आणि गोधडी दोन्ही गुंडाळली आणि रिक्षानं आपल्याच इस्पितळात नेलं. मी पोचले तेव्हा त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि मंदा त्यांचे तळपाय हातांनी चोळत होती. तिच्या साडीचा पदर अजून ओला होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना गार पाण्यानं आंघोळ होती का?"

मी हो म्हटलं.

"ह्या वयात? कुणी सांगितलं?"

"मी," म्हटलं.

ती पुन्हा पाय चोळायला लागली.

भिंतीपाशी एक अनोळखी बाई उभी होती. केसांत, भुवयांवर सुताचा भुसा. मी विचारलं, तू कोण. ती म्हणाली, "मी चंपा. तुमच्या मागल्या खोलीत कांडी भरतो ना आम्ही. चौघीजणी हाव. दसऱ्यापासनं." लूममधल्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती मोटरवर भरतात, हे भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तरी विचारलं, मोटर कुठली? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पुढं काही विचारलं नाही.

न्यूमोनिया आहे. दोन्ही बाजूंना.

गुरुवार, २४ डिसेंबर

सकाळी हे इस्पितळात होते. मी दुपारी घरी आले आणि तात्यांच्या उशाची ट्रंक ओढली. तिच्यामागे भिंतीला अंगठ्याएवढं भोक आणि त्यातून गेलेली काळी जाड तार. ती खाटेखालून, भिंतीच्या कडेनं आमच्या स्विचबोर्डापर्यंत आलेली. वर चुना फासलेला. मी रोज तिथं झाडत होते.

भिंतीला कान लावला. लावायची गरज नव्हती, नुसतं उभं राहिलं तरी ऐकू येत होतं. घरघर. मी ओटीवर जाऊन मेन स्विच खाली ओढला. घरघर थांबली आणि चंपाचं बोलणं ऐकू आलं. मेथीची जुडी कशी दिली, कुणाच्या सासूनं काय केलं, शब्द न् शब्द. म्हणजे मोटर बंद असते तेव्हा आमचंही सगळं मागच्या गल्लीपर्यंत असंच जात असणार. सकाळी उठल्यापासून मी ह्यांना जे जे बोलते ते सगळं.

संध्याकाळी ह्यांना काही विचारावं लागलं नाही. ट्रंक बाजूला दिसली आणि ते खाटेच्या कडेवर बसले. चांगदेव आधी एका दिव्याचं बोलला होता. मग एक मोटर आणली, मग दुसरी. अट एकच घातली होती ह्यांनी, बाई शाळेत असेल तेव्हाच चालवायची. बिल आलं तेव्हा जास्तीचं त्याच्याकडे मागितलं, तर तो म्हणाला, "न्हाय देत. जा की बोर्डात. तार तुमच्या घरातनं हाय, धरतील तुम्हास्नीच." तेव्हापासून हे गप्प. खाट सरकवून तार लपवायची कल्पना तात्यांची. बोर्डात हे एकदाही गेले नव्हते. दोन्ही दिवस एसटी स्टँडवर बसून परत आले.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? पहिल्याच दिवशी?"

ते म्हणाले, "तू म्हणाली असतीस, मला माहीतच होतं."

तेच वाक्य त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. मी तोंड मिटलं.

मला ह्या माणसाची किळस आली आहे. बाप गार पाण्यानं कुडकुडताना ऐकत पांघरुणात पडून राहिला, बायकोनं परक्या बाईला चोर ठरवलं ते ऐकून घेतलं, आणि भात कालवून खाल्ला. पण लिहिताना हात अडतो आहे. पाणी गार मी केलं होतं.

रविवार, २७ डिसेंबर

नळी काढली. तात्या थोडं बोलतात. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं.

खोलीत कुणी नव्हतं तेव्हा मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत होतं."

ते म्हणाले, "दिवसभर. डोकं भणभणायचं."

"मग मला का सांगितलं नाहीत?"

मग म्हणाले, "एकुलता एक आहे तो. तुझ्यापुढं तो आधीच मान वर करत नाही. अजून किती खाली घालायला लावायची?"

मी त्यांची उशी सारखी केली. बाहेर जिन्यावर येऊन उभी राहिले. मुलाची मान राखायला बाप मरायला तयार. बापाचं मरण बघायला मुलगा तयार. आणि ही सगळी भीती माझी, माझ्या जिभेची. असं मी काय केलं आहे ह्यांना? मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माहेरी निघून गेले नाही. फक्त बोलते. चुकलं ते चुकलं म्हणते, एवढंच ना? वीस वर्षं शाळेत तेच तर करते.

मंदा ड्युटीवर आली. तात्यांची बेडपॅन तिनं नेली, धुऊन आणली, चादर बदलली. माझ्याशी बोलली ते कामापुरतं. "ताई, जरा सरा" असं बाकी पेशंटांच्या माणसांना म्हणते. मला म्हणाली, "सरा."

मंगळवार, २९ डिसेंबर

मी ह्यांना घेऊन बोर्डात गेले. आत ते एकटे गेले, मी बाहेर बाकावर बसले. हे अर्ज लिहून आले की माझ्या घरगुती जोडणीवरून मी दुसऱ्याला मोटरीसाठी वीज दिली, मी ती बंद केली आहे. दंड होईल. वकिलांना कळलं तर काय, ह्याची ह्यांना भीती. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा होता, पण एकदा माझ्याकडे सरळ पाहिलं. किती वर्षांनी, सांगता येत नाही.

चांगदेवनं खोली रिकामी केली. जाताना दारात थुंकला. मोटरी नारपोलीला नेल्या. चंपा निरोप घ्यायला पुढच्या दारानं आली, तात्या कसे आहेत विचारलं. म्हणाली, आता रोज नारपोलीपर्यंत पायी. इथं घर जवळ होतं, दुपारी पोराला अंगावर पाजून येता यायचं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तात्यांची हाक ऐकून धावून येणारी ही, आणि मी स्विच ओढला तो हिच्यावर.

गुरुवार, ३१ डिसेंबर

तात्या घरी आले. ह्यांनी स्वतः पाणी तापवून त्यांचं अंग पुसलं. मी मध्ये पडले नाही, सूचनाही केली नाही. जमलं.

दुपारी मंदाकडे गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिच्या दाराच्या चौकटीवर तिचा मीटर आहे, काचेवरची धूळ पुसलेली. ती तांदूळ निवडत होती. आत या म्हणाली नाही. मी उभ्यानंच म्हटलं की माझं चुकलं, मी नको ते बोलले, तू तात्यांचा जीव वाचवलास.

तिनं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. म्हणाली, "त्यांचं केलं ते माझं कामच हाय, बाई. त्याचं राहू द्या. पण माफी मागाय तुम्ही एकट्याच आलात. बोललात तवा नळावर बारा बाया होत्या."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगेन हळूहळू.

"हळूहळू न्हाय बोललात तवा."

मग ती निवडायला लागली. मी परत आले.

घरी येऊन फार संताप झाला. आया बाई, तिनं मला असं दारात उभं करावं. मग मला माझ्या डोक्यातले ते दोन शब्द ऐकू आले, आया बाई. कपाटातून तो वेगळा ठेवलेला कप काढला आणि बाकीच्या कपांत ठेवला. लगेच त्याचीही लाज वाटली. कप इकडचा तिकडे केला, ह्यात काय मोठं. तिला कळणारही नाही. कप वेगळा ठेवला ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं, असं मी धरून चालले आहे.

शनिवार, २ जानेवारी १९८८

काल नळावर गेले आणि पाणी भरून परत आले. तोंड उघडलं नाही. मंदा होती.

आज गेले. पाण्याला जोर कमी, रांग मोठी. जानकीबाई होत्या, त्या दिवशीच्या बहुतेक सगळ्याच होत्या. मी बादली खाली ठेवली. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना सांगते त्या आवाजात बोलायचं ठरवलं होतं, आवाज तसा निघाला नाही. मी म्हटलं, सोळा तारखेला मी इथं मंदाला चोर म्हटलं. वीज माझ्या घरातून माझ्याच माणसांनी दिली होती. मंदानं मला भिंतीला कान लावायला सांगितलं होतं, मी लावला नाही, कारण ते तिनं सांगितलं होतं. तिनं काही घेतलेलं नाही.

जानकीबाई आपल्या हंड्यात बघत राहिल्या. मागं कुणीतरी हसलं, मला वाटतं माझ्या घरातल्या भानगडीला. हसू दे. ह्यांच्या नावाचा आज दुपारपर्यंत गल्लीभर बोभाटा होणार, आणि तो मी केला. ह्यांना ते अजून सांगायचं आहे.

मंदाची कळशी नळाखाली होती. ती भरेपर्यंत तिनं मान वर केली नाही. भरल्यावर चुंबळ डोक्यावर ठेवली, कळशी चढवली, दुसरी कमरेवर घेतली. जाताना माझी बादली पायानं सरकवून नळाखाली केली. माझा नंबर नव्हता, माझ्यापुढं तिघी होत्या, पण कुणी हरकत घेतली नाही.

पायानं. दोन्ही हात अडकले होते म्हणून पायानं, की मुद्दाम, ते मला कळलं नाही. पाणी पडायला लागलं होतं. मी वाकून बादली धरली.